यासीनवाली

जैनब गेली तेव्हा ती घाबरली नव्हती. घाबरलो होतो मी. खाटेच्या पायथ्याशी बसून तिचे तळवे चोळत होतो, आणि तीच मला म्हणाली, "नातीला सांगा, यासीन वाचायला घे. आन् मधी रडू नको म्हणावं, उच्चार बिघडत्यात." बाई मरायला टेकलेली आणि काळजी कशाची, तर उच्चारांची. आमच्या लोकांत यासीनचं नाव काढलं की धडधाकट माणूसही विषय बदलतो. हिनं ती मागून घेतली. हे तिला हाजराखालानं शिकवलं.

चाळिसावं, म्हणजे चाळिसाव्या दिवसाचं कार्य, झालं. पोरं म्हणतात, अब्बा, अम्मीबद्दल काहीतरी लिहून ठेवा. मला नाही जमत. तिचं नाव लिहिलं की हात पुढं सरकत नाही. म्हणून हाजराखालाबद्दल लिहितो. खाला म्हणजे मावशी, आम्ही सगळे तिला तेच म्हणायचो. तिच्याबद्दल लिहिलं की जैनब त्यात येतेच. मी पिंजारी माणूस. कापूस पिंजण्यात, गाद्या भरण्यात जन्म गेला. शाळा चौथीपर्यंत. घरात आम्ही मुसलमानी बोली बोलतो, पण लिहायला मराठीच येतं. गोड करून लिहिता येत नाही, आहे तसं लिहितो.

आमचं गाव मिरजगावापासून पायी जाण्यासारखं. मुसलमानांची घरं थोडीच, आणि एक बसकी मशीद. हाजराखालाचा बाप त्या मशिदीत नमाज पढवायचा. त्याला मुलगा नव्हता, म्हणून जे काही येत होतं ते सगळं त्यानं पोरीला दिलं. कुराण तर दिलंच, वर उर्दूतला तर्जुमा, म्हणजे अनुवाद दिला, कुठल्या आयतीचा, म्हणजे वचनाचा, काय मतलब, बुजुर्गांनी तो कसा लावला, तेही दिलं. लग्न झालं, नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. ती बापाकडं परत आली. मग बापही गेला. त्यानंतर गावाला मौलवी मिळालाच नाही. जुम्म्याच्या नमाजाला, शुक्रवारी, मिरजगावहून कुणीतरी यायचं तेवढंच. बाकी पोरींना सिपारा, म्हणजे कुराणाचे सुरुवातीचे धडे, शिकवणं आणि माणूस शेवटच्याला लागला की त्याच्यापाशी बसून यासीन वाचणं, ही दोन्ही कामं हाजराखालाकडं आली.

यासीन म्हणजे कुराणातला एक सुरा, एक अध्याय. मरणाऱ्यापाशी तो वाचला की जीव जाताना वाट सोपी होते, असं आमच्यात मानतात. मानण्यात वाईट काही नाही. पण आमच्या गावात त्याचं उलटं झालं. खाला ज्या घरात शिरली त्या घरातून जनाजा निघाला, हे लोकांनी पाहिलं. बोलवायचेच मरायला टेकलेल्यापाशी, तर दुसरं काय निघणार? पण एवढा विचार कोण करतो. लोक म्हणायला लागले, ही वाचते म्हणून माणूस मरतं. तिचं नावच पडलं, यासीनवाली.

उंच, हाडकुळी बाई. अंगावर कायम उडालेल्या रंगाचं लुगडं, डोक्यावरून घट्ट पदर. कुराण हिरव्या कापडात बांधून छातीशी धरलेलं, आणि काखेत रेहाल, म्हणजे कुराण ठेवायची ती लाकडी घडीची फुली. ती रस्त्यानं निघाली की दारं लागायची. हळू लागायची, आवाज न करता, पण लागायची. आमच्या शेजारी दम्याचा एक म्हातारा होता. खालाची चाहूल लागली की तो पंच्याचा बोळा तोंडात कोंबायचा आणि डोळे बाहेर येईपर्यंत खोकला दाबायचा. बाया तापलेली लेकरं गोधडीखाली घालायच्या. हे फक्त आमच्याच लोकांत नव्हतं. मराठ्यांच्या आळीतून ती गेली तरी बाया म्हणायच्या, "आज कुनाकडं गं बाई?" आणि घरात जाऊन आपली माणसं मोजायच्या.

मीही भ्यायचो. खोटं कशाला सांगू. माझ्या बापापाशी तिनं वाचली तेव्हा मी तिथंच होतो. तिचा आवाज बारीक, पण सरळ, सुईतून दोरा जावा तसा. यासीन संपायच्या आधी अब्बा संपले. तिनं डोळे मिटवले, पदरानं हनुवटी बांधली, सगळं केलं, आणि जाताना माझ्याकडं बघितलं. ती नजर माझ्या पाठीत कितीतरी दिवस राहिली.

आणि ही बाई स्वतः कशाला भ्यायची? कुत्र्यांना. चावडीपाशी दोन मरतुकडी कुत्री पडलेली असायची. तिथं आली की खाला थांबायची, आणि कुणी पुरुषमाणूस दिसेपर्यंत उभी राहायची. मी दिसलो की, "इस्माईल, जरा मला पलीकडं काढ रे." मग मी पुढं आणि ती माझ्या मागं, सदरा धरून. एकदा सिपाऱ्याच्या एका आगाऊ पोरीनं तिला विचारलं, "खाला, गुहेत झोपलेल्या नेक लोकांसंगं कुत्रा हुता असं तुमीच शिकवलं. कुरानात कुत्र्याचा मान हाय, मग तुमी का भिता?"

खाला म्हणाली, "त्यो झोपलेला हुता!"

पोरी हसून लोळल्या. खालाच्या ओसरीवर हसणं ऐकू आलं की रस्त्यावरची माणसं दचकायची. त्या घरात कुणी हसतं हे त्यांना खरं वाटायचं नाही.

तिची एक खोड होती. पोरगी आयत घडाघडा म्हणून मोकळी झाली की खाला बोट वर करायची, "मतलब?" पाठ येणं तिला पुरायचं नाही. पोरगी अडली की म्हणायची, "म्हंजे पोपट." ही खोड मग सगळीकडं पसरली. कुणी म्हणालं, खाला, औंदा चिंच लई लागलीय, की हिचं बोट वर, "मतलब?" माणूस चिंच सोडून वाटेला लागायचं. आणि पोरी भ्यायला लागल्या, कयामत, आग, हिशेब ऐकून रडायला लागल्या, की तिचं दुसरं वाक्य ठरलेलं होतं, "भ्यायचं तर समजून भ्या. न समजता जनावर भितं."

मग तो मोठा दुष्काळ पडला. बहात्तरचा. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस पळाला. गाद्या कोण भरणार? मी कापूस पिंजायची कमान खुंटीला टांगली आणि जैनबला घेऊन रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलो. जैनब खर्ड्याची. लग्नाला वर्ष झालेलं, पोटात पहिलं. कामावर सुकडी, म्हणजे सरकारी पिठाचा खाऊ, मिळायची, तिच्यावर आणि तांबड्या मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरीवर दिवस निघत होते. गावच्या आडात पाण्याचा डबरा तेवढा राहिला होता. बाया वाटीनं घागर भरायच्या.

त्या दिवसांत एका संध्याकाळी खाला ओसरीवर पोरींना मुल्क नावाचा सुरा शिकवत होती. त्याच्या शेवटच्या आयतीत एक सवाल आहे. तुमचं पाणी जमिनीत खोल निघून गेलं तर वाहतं पाणी तुम्हाला कोण आणून देईल, असा. खालानं नेहमीसारखं बोट वर केलं, मतलब? आणि मग स्वतःच मोठ्यानं समजावून सांगितलं. रस्त्यानं चाललेल्या बायांनी ते ऐकलं. दोन-चार दिवसांत आडातला डबरा आटला. तळाला नुसता काळा गाळ.

गावात एकच बोलणं सुरू झालं. यासीनवालीनं आडावर वाचली. माणसं संपवून झाली, आता पाणी.

भरदुपारी तिच्या पत्र्यावर दगड पडले. मी खडीवरून येत होतो, मला आवाज ऐकू आला. दार आतून लावलेलं. दोन-तीन माणसं बाहेर उभी, त्यात आमचे आणि मराठ्यांचे, दोन्हीकडचे. भीतीला जात नसते. पोलीसपाटील मधे पडला म्हणून बरं. तो समजूतदार माणूस, पण घाम त्यालाही फुटला होता. दारापाशी जाऊन तो म्हणाला, "हाजराबी, जे वाचलंस ते उलटं वाच बाई, आन् पानी परत बोलीव."

दार उघडलं. खाला उंबऱ्यात उभी राहिली. ओठ पांढरे पडले होते, पण बोलली नीट. "पाटील, त्यो शाप न्हाई. सवाल हाय. सवालाला भ्यायचं नसतं, जवाब द्यायचा असतो."

"मग काय हाय जवाब?"

"देनारा अल्ला. पन घागर आपलीच लागती ना? खणा की आड. गाळ काढा. मी बी टोपली घेती."

आणि टोपली घेऊन आली खरंच. आडाच्या काठावर उभी राहून दिवसभर गाळाच्या टोपल्या ओढल्या तिनं. बाया तिच्या हातची टोपली हातात घेत नव्हत्या. खाली ठेवायला लावायच्या आणि मग उचलायच्या. खाली खडक लागला. पाणी लागलं नाही. पुढं टँकर यायला लागला, त्यावर गाव जगलं. मी चमत्कार सांगायला बसलेलो नाही. झालं ते सांगतो.

उन्हाळ्यात जैनब बाळंत झाली. मुलगी झाली. पण बाळंतिणीला ताप भरला. अंग तव्यासारखं. मिरजगावच्या डॉक्टरला आणलं, त्यानं सुया दिल्या, गोळ्या दिल्या. म्हणाला, पाणी पाजत राहा, नगरला न्यायच्या अवस्थेत नाही, ताप उतरला तर वाचेल. जैनब झुंजत होती. शुद्ध आली की पोरीला मागायची, पाणी मागायची, मला म्हणायची, "खडीवर जावा, हजेरी बुडंल." तिच्या त्या बोलण्यावर मी श्वास घेत होतो.

माझ्या अम्मानं आशा सोडली. तिनं आठ लेकरं जन्माला घालून पाच पुरलेली, तिला तापाचा चेहरा ओळखू यायचा. मला न विचारता तिनं खालाला सांगावा धाडला.

मी अंगणात होतो. रस्त्यावरची दारं लागायला लागली. आधी कोपऱ्यावरचं, मग त्याच्या अलीकडचं, मग शेजारच्या म्हाताऱ्याचं. मला कळलं कोण येतंय. आणि ती आमच्याकडं वळली.

मी दारात आडवा झालो. "खाला, हितनंच माघारी जावा. हात जोडतो."

"बाजूला हो, इस्माईल."

"अजून जिती हाय ती!"

"ठावं हाय मला. बाजूला हो."

एवढ्यात आतून किंकाळी आली. जैनबनं दारातून हिरवं कापड बघितलं होतं. "मला न्यायला आली! अम्मा, हिला नका येऊ देऊ!" मग तिनं भिंतीकडं तोंड केलं. अम्मा पाणी पाजायला गेली तर दात मिटून घेतले. पोरीला छातीशी धरलं तर हात ढिले सोडले. तिचं झुंजणं थांबलं. तापानं जे केलं नव्हतं ते त्या एका नजरेनं झालं. मला वाटलं, इथंच आपलं घर बसलं.

वजूला, म्हणजे वाचण्याआधी हातपाय-तोंड धुवायला, म्हणून अम्मानं खालाला तांब्या दिला. खालानं तो हातात घेतला, आत डोकावून बघितलं आणि परत दिला. "हे बाळंतिणीचं पानी. ठेवा." मग तिनं अंगणातल्या कोरड्या मातीवर तळवे टेकले, तोंडावरून फिरवले, परत टेकले, हातांवरून फिरवले. पाणी नसलं तर पाक मातीनं चालतं, ही सवलत कुराणातच आहे. मी त्याआधी कुणाला घेताना बघितली नव्हती. मला ते भयंकर दिसलं. जणू ती कबरीवरची माती आतापासूनच अंगाला लावून घेत होती.

ती खाटेपाशी बसली, रेहाल उघडली आणि वाचायला लागली. जैनबनं दोन्ही कानांवर हात दाबले. डोळे मिटलेले, त्यातून पाणी चाललेलं. मी खांबाला धरून उभा. बापाच्या वेळचा तोच आवाज, तोच सरळ दोरा. मला कळत होतं की हा दोरा संपला की संपलं. बराच वेळ वाचून झालं आणि सुरा संपायच्या आधीच, मधेच, खाला थांबली.

बोट वर केलं. "मतलब?"

कुणालाच काही कळेना. अम्मा म्हणाली, "अगं हाजराबी, ही काय येळ हाय का?"

"हीच येळ हाय. जैनब, तुला इचारते मी. आत्ता वाचली त्या आयतीचा मतलब सांग."

जैनबनं मान हलवली. नाही येत.

"ठावं न्हाई, मग भितीस कशाला? कान सोड." तिनं जैनबचा हात धरून कानावरून काढला. मायेनं नाही, मास्तर काढतो तसा. "ऐक. ह्यात लिवलंय, हे कुरान कशापायी धाडलं, तर जो जिता हाय त्याला जागं करायला. जो जिता हाय त्याला. मेलेल्याला न्हाई. यासीनीतच लिवलंय हे. आता सांग, तू जिती हायस का?"

जैनबनं पापण्या मिटून हो म्हटलं.

"तोंडानं सांग."

"...हाय."

"मग पानी पी. मेलेलं मानूस पानी पीत न्हाई."

अम्मानं तांब्या पुढं केला. जैनबनं घोट घेतला. गळ्याची हाडं वरखाली झालेली मला अजून दिसतात. मग कोरड्या आवाजात ती म्हणाली, "खाला, मग तुमी मरनाऱ्यापाशीच का वाचता?"

 खालानं रेहालीवरची नसलेली धूळ पुसली. म्हणाली, "तितं वाचावी, वाट सोपी व्हती, बुजुर्ग सांगत्यात. ते खोटं न्हाई. पन मला तितंच बोलवत्यात, बाई. जित्यांनी कवा बोलावलं?"

आणि पुढची यासीन पुरी करून ती उठली. जाताना म्हणाली, "उद्या येती. सबक घेईन. पाठ करून ठेव, पोपट व्हऊ नको."

ती रोज आली. रोज थोडं वाचायची, थोडं सांगायची, जैनबकडून म्हणून घ्यायची. पहिले दोन दिवस जैनब तिची चाहूल लागली की माझा हात घट्ट धरायची, नखं रुतायची. मग नखं रुतायची थांबली. मग ताप उतरला. सुईनं उतरला म्हणा, खालानं म्हणा, मला ठाऊक नाही. खालाला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "डाक्टरचे पाय धर. मी निस्तं पानी पाजलं."

पोरीच्या अकीक्याला, म्हणजे जावळं काढायच्या कार्याला, बोकड कुठला परवडायला. तो पुढं कधीतरी करू म्हणालो, आणि नुसतं जावळ काढून गुळाचा भात करायचं ठरलं. जैनब म्हणाली, खालाला बोलवून या. मी गेलो. दार वाजवलं. आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. खालानं दार उघडलं, मला बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. ती मागं वळली आणि हिरव्या कापडाची गाठ उचलली. 

"कवा गेली?" म्हणाली.

"कोन, खाला?"

"जैनब."

"जैनब भात शिजवतीय. तुमाला जेवायला बोलावलंय. जावळ हाय पोरीचं."

ती तिथंच बसली, जमिनीवर.  मग म्हणाली, "दार वाजलं की माझ्या जिवाचं पानी व्हतं, इस्माईल. कोन गेलं, कोन चाललं. ह्या दारावर आजवर दुसऱ्या कशापायी थाप पडली न्हाई." गाव तिला भ्यायचं, आणि ती गावाच्या थापेला भ्यायची. मला हे त्या दिवशी कळलं. माझ्या बापाच्या वेळची ती नजरही तेव्हा कळली. ती मला भेडसावत नव्हती. तीच भेदरलेली होती.

ती आली. हिरवी गाठ घरी ठेवून आली, तर तिला हात कुठं ठेवावेत तेच समजेना. भात जेवली, कोपऱ्यात बसून. बाकीच्या बाया लवकर उठल्या.

पाऊस पडायच्या आधीच तिच्या चुलतभावाचा पोरगा आला. नगरला कारखान्यात होता. म्हणाला, फुफी, इथं ना पाणी ना माणूस, चल. मिरजगावच्या स्टँडवर आम्ही पोचवायला गेलो, मी, जैनब आणि पोरगी. ट्रंक टपावर चढवली. खाला खिडकीपाशी बसली, मांडीवर हिरवी गाठ. आमच्याच गावची एक बाई आधीपासून त्या गाडीत होती. तिनं खालाला बघितलं आणि पिशवी घेऊन खाली उतरली. "मी मागच्या गाडीनं जाती बाई. ही बसली, गाडीचं काय खरं न्हाई." तिच्यामागं आणखी एक उतरली. कंडक्टर ओरडायला लागला, "अहो काय बिघडलंय? तिकिटं फाडलीत मी!"

खाला खिडकीतून समोर बघत होती. ऐकू गेलं नाही असं दाखवत होती.

जैनब माझ्या शेजारून निघाली, गाडीत चढली, आणि रिकाम्या झालेल्या जागेवर जाऊन बसली. हिरवी गाठ तिनं उचलून आपल्याकडं घेतली, अदबीनं डोळ्यांना लावली, आणि त्या जागी खालाच्या मांडीवर पोरगी ठेवली.

"अगं, अगं, काय करती," खाला म्हणाली. "घे तिला. घे गं. मला भ्या वाटतं."

"काय व्हत न्हाई, खाला."

"मी कदी धरलं न्हाई. कुनी दिलंच न्हाई मला. मान लचकंल तिची."

"हात असा खाली घाला. हां. आता राहू द्या."

खाली उतरलेल्या बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या. पोरगी रडली नाही. खालाच्या लुगड्याचा काठ मुठीत धरून पडून राहिली. खाला श्वाससुद्धा जपून घेत होती. ओठ हलत होते. काय वाचत होती ते मला बाहेर ऐकू आलं नाही. जैनबनं नंतर सांगितलं, यासीन.

कंडक्टरनं घंटी मारली. जैनबनं गाठ परत सीटवर ठेवली, खिडकीतून पोरगी माझ्या हातात दिली आणि खाली उतरली. गाडी हलली. मी वर बघितलं. खालाचे दोन्ही हात तसेच होते, कोपरात मुडपून, छातीपासून जरा लांब, मधल्या रिकाम्या जागेला धक्का लागू नये असे जपून धरलेले. वळणापर्यंत ती तशीच बसलेली दिसली.